चौसष्ट काड्या

मुलाखतीची तयारी म्हणजे उत्तरं पाठ करणं, असं मी बावीस वर्षांचा होईपर्यंत समजत होतो. त्यात माझा हात कुणी धरला नसता. निपाणीच्या शाळेत मराठीतून, पुढं बेळगावच्या कॉलेजात इंग्रजीतून, जे समोर येईल ते मी घोकत आलो होतो आणि पेपरात उतरवत आलो होतो. त्याच जोरावर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला धारवाडला व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. तिथं पहिलं वर्ष संपलं की उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या कंपनीत शिकाऊ म्हणून काम करावं लागे. बाकीच्या मुलांचे काका-मामा कुठं ना कुठं मॅनेजर होते. माझ्या नात्यात सगळ्यांत मोठ्या हुद्द्यावरचा माणूस म्हणजे नगरपालिकेत नळाचं पाणी सोडणारा चुलता.

अशात फळ्यावर नोटीस लागली. पुण्याची एक सल्लागार कंपनी बेळगावातल्या दोन-तीन फाउंड्र्यांचं काम बघणार होती आणि त्यासाठी उन्हाळ्यात तिला दोन मुलं हवी होती. मुलाखती फेब्रुवारीत, बेळगावातच, कॅम्पातल्या एका हॉटेलात. मी अर्ज टाकला. ही जागा गेली तर दुसरी मिळवून देणारं कुणी नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आमच्या हॉस्टेलात एक वर्ष पुढं असलेला एक बेळगावचा मुलगा होता. सगळे त्याला अण्णा म्हणत. आदल्या वर्षी तो अशाच मुलाखतीत पडला होता आणि पडल्यामुळं त्याला सगळं माहीत होतं. तो म्हणाला, "हे लोक उत्तर विचारत न्हाईत रं. गोष्ट सांगतात. अमक्याचा कारखाना हाय, माल कमी निघतोय, का ते सांग. आणि तू लगेच सांगायचं न्हाय. तू त्यांनाच प्रश्न विचारायचे. किती माणसं, कुठं बसतात, माल कुठून कुठं जातो. विचारत विचारत मुळाशी जायचं."

"आपण साहेबांना प्रश्न विचारायचे?"

"व्हय. तीच परीक्षा."

मग तो खाटेवर साहेब होऊन बसला आणि मी समोर उभा राहिलो. त्यानं एका साबणाच्या कारखान्याची गोष्ट सांगितली. मी ऐकून घेतली आणि गप्प राहिलो. तो थांबला, मीही थांबलो. शेवटी तो वैतागून म्हणाला, "अरे विचार की! तुला काय कुणी गप्प बसायला शिकवलंय काय?"

शिकवलं होतं की. आमच्या गल्लीतली पोरं वर्गात मागच्या बाजूला बसत आणि मास्तरांनी विचारल्याशिवाय तोंड उघडत नसत. घरी आईचा एकच मंत्र होता: मोठ्या माणसाला उलट विचारायचं नाही, खाली मान घालून शिकायचं आणि वर यायचं. त्या मंत्रावरच मी धारवाडपर्यंत आलो होतो. आता तोच सोडून द्या म्हणे! आठ-दहा दिवस अण्णानं माझ्यावर डोकं आपटलं. माझ्या तोंडून फार तर एक प्रश्न निघायचा, आणि तोही "माफ करा" म्हणून सुरू व्हायचा. रात्री अंथरुणावर पडलो की जे प्रश्न विचारायला हवे होते ते सगळे रांगेनं आठवत. अण्णा शेवटी म्हणाला, "संक्रांतीला घरी चाललायस न्हवं? तिथं एखादा खरा कारखाना गाठ. त्याच्यावर घासून बघ. घरच्या माणसाला विचारायला तरी लाजणार न्हाईस."

निपाणीत खरा कारखाना म्हणजे तंबाखूची वखार. आणि घरचं माणूस म्हणजे आई. मी सातवीत असताना आप्पा छातीच्या दुखण्यानं गेले, तेव्हापासून ती एका वखारीत तंबाखू चाळत होती. सकाळी जायची, अंधार पडता पडता यायची, आल्यावर पहिल्यांदा दारात उभी राहून पदर झटकायची. खकाणा उडायचा आणि आम्ही दोघं शिंकायचो. तिच्या त्या पगारावर मी शिकत होतो.

भोगीच्या संध्याकाळी ती बाजरीची भाकरी थापत होती आणि मी चुलीपाशी वही घेऊन बसलो. म्हटलं, आई, मला एका कामासाठी तयारी करायची आहे.

"कसलं काम?"

"सल्लागाराचं. दुसऱ्याच्या कारखान्यात जायचं आणि काय चुकतंय ते मालकाला सांगायचं."

"आणि मालक ऐकून घेतोय?"

"घेतो की. वर पैसे देतो."

ती हसायला लागली. भाकरी परतायची राहिली, करपली. "आमी धा वर्सं फुकट सांगतोय, तर दिवाणजी म्हणतोय तोंड बंद ठेव. तुमाला पैसे देत्यात व्हय? शिक बाबा, लई चांगलं काम हाय."

त्या दिवशी पहिल्यांदा मला प्रश्न सुचले. एकातून दुसरा निघत गेला. आणि आई उत्तरं देत होती ती कुठल्याही पुस्तकात नव्हती. वखारीत आठ बायका चाळणीवर. चाळून झाली की तंबाखूची बुट्टी डोक्यावर घेऊन अख्खं अंगण ओलांडायचं आणि पलीकडच्या पडवीत काट्यावर वजन करून यायचं. काटा तिथं का? तर वखारीचा कारभार बघणाऱ्या दिवाणजींची बाज तिथं आहे आणि त्यांना पडल्या पडल्या वजन दिसलं पाहिजे. म्हणजे एका बुट्टीला जायची चाळीस पावलं आणि यायची चाळीस. पावलं तिनं कधीची मोजून ठेवली होती. "काटा हिकडं चाळणीपाशी आणला तर आमचे पाय वाचतील आणि कामबी हुईल," ती म्हणाली. "पण बाजंला पाय कुठं हायत, ती हलाया?"

मी नकाशा काढला. अण्णाला दाखवायला असं सोनं माझ्या हातात कधी आलं नव्हतं. एकच गोष्ट राहिली होती. दिवसातून फेऱ्या किती होतात? आई म्हणाली, लई होतात. मी म्हटलं, लई म्हणून चालत नाही, आकडा पाहिजे.

"मला कुठं मोजाया येतंय शंभरापतोर? मधीच कुणी बोललं तर इसरतो मी."

तेव्हा मी तिला युक्ती सांगितली. मीच सांगितली, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हटलं, प्रत्येक फेरीला खालची एक काडी उचल आणि ओटीत टाक. घरी आलीस की आपण काड्या मोजू. वखारीत खाली तंबाखूच्या देठांच्या काड्या पडलेल्याच असतात. त्या कचऱ्यातच जातात.

वखारीच्या दाराशी सुटायच्या वेळी बायकांची झडती होते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी आईची वाट बघत मी त्या दारासमोर कितीदा तरी उभा राहिलो होतो. एक बाई दारात बसलेली असे. ती एकेकीचा पदर, ओटी, जेवणाचा डबा चाचपून सोडत असे. ते बघतच मी वाढलो होतो. पण त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात नकाशा होता. आई म्हणाली नाही की झडती असते. मला वाटतं तिलाही आठवलं नसेल, किंवा आठवलं असेल आणि काड्यांना कोण काय म्हणतंय असं वाटलं असेल. पोरानं पहिल्यांदा तिला काहीतरी विचारलं होतं, त्याच्यातच ती होती.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. वखार चालूच होती. मी संध्याकाळी तिळगुळाची पुडी घेऊन घराच्या दारात वाट बघत बसलो. गल्लीतल्या कामाला गेलेल्या सगळ्या बायका आल्या, आई शेवटी आली. तिनं पदर झटकला नाही. सरळ आत येऊन भिंतीला टेकून बसली. भिंतीवर कोट-टाय घातलेल्या माणसाची तसबीर होती, आमच्या गल्लीत घरोघरी असते तीच. तिच्याखाली ती बसली आणि म्हणाली, "उद्यापासनं येऊ नगं म्हणाले."

ओटीत काड्या सापडल्या होत्या. झडतीवालीनं आरडाओरडा केला. दिवाणजी बाजेवरून उठून आले. आईनं सांगायला नको होतं ते सांगितलं: चोरी न्हाय, फेऱ्या मोजत होतो, पोराच्या अभ्यासाला पाहिजे. चोरीचा आळ परवडला असता. त्या दिवसांत निपाणीतल्या वखारींतून बायका एकत्र यायला लागल्या होत्या, संघटनेचं नाव निघालं तरी मालक लोकांच्या कपाळाला आठ्या पडत. वखारीतली एक बाई काम मोजते आहे, आणि शिकलेल्या पोरासाठी मोजते आहे, यापुढं दिवाणजींना दुसरं काही दिसलंच नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. फक्त हात माझा आणि अवलक्षण तिच्या कपाळी.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी वखारीत गेलो. रात्रभर मनात वाक्यं जुळवली होती. दिवाणजी बाजेवर बसून दात घासत होते. त्यांनी मला ओळखलं, बसही म्हणाले, बसायला मात्र काही नव्हतं. मग शांतपणे म्हणाले, "तुझी आई चोर न्हाय, ते मलाबी कळतंय. चोरायचं असतं तर काड्या कशाला चोरंल? पण मोजून चौसष्ट काड्या निघाल्या. बाई मोजाया लागली की वखार बंद पडायची येळ आली म्हणून समज. मालकांचा हुकूम हाय. मी काय करू?"

आणि माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही: चौसष्ट. चौसष्ट फेऱ्या. आईची जागा गेली होती, आणि तिच्यासाठी बोलायला गेलेला मी, मनातल्या मनात आकडा टिपून घेत होतो. मला स्वतःची किळस आली. पण आकडा काही डोक्यातून गेला नाही.

मी त्यांना काही विचारू शकलो नाही. मालकांना भेटू का, एवढंही नाही. ‘दिवाणजी, एकदा विचार करा’ असं काहीसं पुटपुटलो. ते चूळ भरायला उठले आणि मी बाहेर आलो. चाळणीपाशी सातजणी होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघणं त्यांना परवडणारं नव्हतं.

आईनं घरात बिड्या वळायला सुरुवात केली. शेजारणीच्या बिडी-कारखान्याच्या कार्डावर पान आणि तंबाखू यायची, दोघी मिळून वळायच्या. बोटांना सवय नव्हती, बिड्या सैल व्हायच्या आणि छाटात निघायच्या, म्हणजे कारखान्यातून नापास होऊन परत यायच्या. मी धारवाडला परत जाणार नाही म्हणालो, तेव्हा ती एकदाच ओरडली. "माझी जागा गेली ती कशापायी? आता तुझीबी घालवायची हाय व्हय? जा. आणि ते इचारायचं हाय ते इचार सगळ्यांस्नी."

गेलो. अण्णाला नकाशा दाखवला. आई, झडती, काहीच सांगितलं नाही. तो नकाशा बघून उडालाच. "भावा, हे सांग तिथं. दुसरं काय सांगूच नगंस." फेब्रुवारीपर्यंत त्यानं मला साबण, सिमेंट, साखर अशा सगळ्या कारखान्यांतून फिरवून आणलं. आता मला प्रश्न यायला लागले होते. मी विचारायचो, अण्णा उत्तर द्यायचा, मी पुढचं विचारायचो. गंमत अशी की आवाज माझा राहिला नव्हता. त्या चुलीपाशी ज्या उत्सुकतेनं मी विचारलं होतं ती गेली होती, फक्त प्रश्न उरले होते.

मुलाखतीला अण्णाचा कोट घातला. बाह्या दोन बोटं लांब होत्या. कॅम्पातल्या त्या हॉटेलात गालिच्यात बूट दिसू नयेत इतके रुतत होते. टेबलापलीकडे दोघे. थोरला टक्कल असलेला, मऊ बोलणारा. दुसरा तिशीतला, सारखं लिहिणारा. त्यांनी गोष्ट सांगितलीच नाही. थोरल्यानं इंग्रजीतून विचारलं, "एखादं काम प्रत्यक्ष चालताना तुम्ही कधी नीट बघितलं आहे का?"

मी वखारीचं सांगितलं. चाळणी, बुट्टी, अंगण, काटा. चाळीस पावलं जायची, चाळीस यायची, चौसष्ट फेऱ्या. गुणाकार करून सांगितला. काटा हलवला तर काय होईल ते सांगितलं. तिशीतल्यानं लिहिणं थांबवून माझ्याकडं बघितलं. थोरला पुढं झुकला.

"हे आकडे तुम्ही कुठून आणले? फेऱ्या कुणी मोजल्या?"

मी म्हणालो, "मीच. एक दिवस तिथं उभा राहून मोजल्या."

का म्हणालो? आजही नीट सांगता येत नाही. आई वखारीत कामाला आहे म्हणायची लाज वाटली असं म्हणावं, तर तेवढंच नव्हतं. आई म्हटलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि ते इंग्रजीत कसं सांगायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. जिभेवर आयतं उत्तर होतं, ते बाहेर पडलं.

"एकच दिवस?" तिशीतला म्हणाला. "एका दिवसाच्या मापावर आम्ही विश्वास ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी का नाही मोजलं?"

"दुसऱ्या दिवशी आत जायची परवानगी मिळाली नाही."

हे मात्र खरं होतं. दोघंही हसले. मालक लोक असेच असतात, थोरला म्हणाला, या कामात त्याची सवय करून घ्यावी लागेल. मीही हसलो. कोटाच्या लांब बाहीत मी मूठ आवळून धरली होती, ती त्यांना दिसली नाही.

मार्चच्या शेवटी निवडीचं पत्र आलं. ते खिशात घालून मी निपाणीला गेलो. आई सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होती. आता तिच्या बिड्या चांगल्या घट्ट व्हायला लागल्या होत्या. मी पत्र काढून तिला मराठीत वाचून दाखवलं, दोन महिने, बेळगाव, राहायची सोय कंपनीची. तिनं हात पदराला पुसले, पत्र घेतलं, उलटं-सुलटं करून बघितलं आणि तसबिरीच्या चौकटीत खोचून ठेवलं.

"तिथं काय करायचं मग?"

"फाउंड्रीत माणसं कुठनं कुठं चालतात ते बघायचं. उगाच किती चालतात ते काढायचं."

तिनं परत सूप ओढून घेतलं. एक बिडी वळून झाली, दोरा गुंडाळून झाला. मग बोलली.

"वखारीत काटा हलिवला."

मला वाटलं मी चुकून ऐकलं. ती खाली बघूनच सांगत होती. त्या दिवशी दाराशी तिनं दिवाणजींना सगळं समजावून सांगितलं होतं, काटा चाळणीपाशी आणला तर काय होईल तेसुद्धा. दिवाणजींनी ते मालकांच्या कानावर घातलं. मालकांना पटलं. होळीच्या आधीच काटा अंगणाच्या अलीकडं आला. दिवाणजींची बाजही आली.

"मग तुला परत बोलावलं नाही?"

"कशापायी बोलावतील? आता चालायचंच राह्यलं न्हाय. आधी आम्ही आठजणी हुतो, मी गेलो तर सात. आता पाचातच सगळं काम हुतंय. आनि दोघींना घरी बसीवलं." त्या दोघी कोण ते तिनं सांगितलं. एक आमच्याच गल्लीतली होती, तिच्या घरी मी लहानपणी जेवलो होतो.

आईनं पान कातरीनं कापलं, तंबाखू भरली.

"तुझं बराबर निघालं की रं," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोसता आला असता. पोराचं गणित बरोबर आलं, एवढंच ती सांगत होती, आणि तिला त्याचं कौतुक होतं.

बाहेर बायका नळाला जमल्या होत्या, त्यांच्या घागरींचे आवाज येत होते. त्यात ती गल्लीतलीही असेल. पाणी आणायला मी उठलो, पण दारापर्यंत जाऊन परत आलो आणि खाली बसलो.

"येक ऐक," आई म्हणाली. "तिकडं मोजायचं असलं तर तूच हुबा ऱ्हाऊन मोज. बायकांस्नी मोजाया लावू नगंस."

मी मुलाखतीत नेमकं तेच सांगितलं होतं. ते तिला माहीत नव्हतं, आणि मी तिला सांगितलंही नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढं ती होती तोवर कधीच नाही. मी फक्त "व्हय" म्हणालो.